बांबोळीच्या धावपट्टीला पाहुणे हवेत

प्रति,
गोव्याच्या क्रीडा खात्यातले अधिकारी, ॲथलेटिक्स संघटनेचे पदाधिकारी आणि पुढच्या अर्थसंकल्पात खेळांसाठी चार ओळी लिहिणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला निवृत्त पीटी मास्तर. २०१४ च्या जानेवारीत गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या क्रीडा स्पर्धा, झाल्या, तेव्हा बांबोळीच्या मैदानावर मी लांब उडीच्या खड्ड्यापाशी होतो. काम साधं होतं. उडी झाली की दाताळ्यानं वाळू सारखी करायची, कडेला उडालेली वाळू घमेल्यात भरून पुन्हा आत टाकायची, आणि कुणी पळत येत असेल तर वाटेतून बाजूला व्हायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे तिसरं काम सगळ्यांत अवघड.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव चालला होता. पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची मुलगी एकटीच उड्या मारत होती. बोलायची पोर्तुगीज, आणि सोबत प्रशिक्षक दिसत नव्हता. तिला उडी मोजून हवी आहे हे तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं, म्हणून मी आमच्या स्वयंसेवक पोराला ओरडून सांगितलं, "अरे, फीत आण रे!" ती गर्रकन वळली. "फिता?" म्हणाली. मी मान हलवली. तिनं माझ्या पायाशी असलेल्या घमेल्याकडे बोट केलं आणि विचारलं, "गामेला?" आता चकित व्हायची पाळी माझी होती.

मग आमचा खेळच सुरू झाला. मी खिशातली चावी काढून दाखवली, ती म्हणाली "शाव". मी हात धुतल्यासारखं केलं, ती म्हणाली "साबाँव". पंचांच्या टेबलाला मेज म्हटलं, तर ती "मेझा". पाव, बटाटा, जनेल म्हणजे खिडकी. फीत येईपर्यंत आम्ही सात-आठ शब्दांची देवाणघेवाण केली होती, आणि त्यांतला एकही शब्द मला परका वाटत नव्हता. फितीचं शून्याचं टोक वाळूतल्या खुणेवर धरायला मी वाकलो, दुसरं टोक तिनं स्वतः उडी घ्यायच्या फळीवर धरलं. आकडा काही मोठा नव्हता. पण तो तिनं वहीत लिहून घेतला, वर तारीख घातली, आणि पुढे गावाचं नाव लिहिलं. "बांबोळी"तला ळ तिला जमेना, म्हणून तो मी तिच्या वहीत देवनागरीत लिहून दिला.

हे सगळं आज बारा वर्षांनी उगाळण्याचं कारण सांगतो.

लुसोफोनिया स्पर्धा पहिल्यांदा २००६ मध्ये मकावला झाल्या, मग २००९ मध्ये लिस्बनला, आणि तिसऱ्या आपल्याकडे. २०१३ च्या नोव्हेंबरात व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलून जानेवारीत झाल्या. भारत पदकतालिकेत पहिला आला. चौथ्या स्पर्धा २०१७ मध्ये मोझांबिकला व्हायच्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. त्यानंतर सगळं सामसूम. म्हणजे मशाल शेवटची पेटली ती आपल्या अंगणात, आणि विझली तीही आपल्याच अंगणात. दोष कुणाचा, हा या पत्राचा विषय नाही. पुन्हा पेटवायची कशी, हा आहे. आणि त्यासाठी मला तुम्हाला दुसऱ्याच एका स्पर्धेची हकिकत सांगायची आहे.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांची फक्त ॲथलेटिक्सची एक अजिंक्यपद स्पर्धा असते, आयबेरो-अमेरिकन. स्पेन, पोर्तुगाल, चिमुकलं अँडोरा, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा पट्टा, क्युबा, ब्राझील, आणि त्यांच्या जोडीला आफ्रिकेतले अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ टोमे, इक्वेटोरियल गिनी. आपल्याकडे पाहुणे म्हणून आलेले बरेच देश या यादीत तुम्हाला भेटतील.

या स्पर्धेचा जन्म सरळ झालेला नाही. पहिला प्रयत्न १९६० मध्ये चिलीतल्या सांतियागोला झाला, दुसरा १९६२ मध्ये माद्रिदला. त्या वेळी नाव "आयबेरो-अमेरिकन खेळ" असं होतं. आणि दोनच खेपांनंतर ते बंद पडलं. वीस वर्षं त्याची कुणी आठवण काढली नाही. मग १९८२ मध्ये या देशांच्या संघटनांनी मिळून एक सामाईक संस्था उभी केली, आणि १९८३ मध्ये बार्सिलोनाला नव्यानं पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. तिथून हवाना, मेक्सिको सिटी, ॲमेझॉनच्या जंगलातलं मानाउस, सेव्हिया, असं करत साधारण दर दोन वर्षांनी ती होत आली आहे. २०२० ची खेप कोरोनानं खाल्ली. २०२२ मध्ये स्पेनमधल्या ला नुसियाला पुन्हा भरली, २०२४ मध्ये ब्राझीलच्या कुयाबाला.

म्हणजे दोन खेपांनंतर मेलेली स्पर्धा एकवीस वर्षांनी उठून बसली, आणि पुढची चाळीस वर्षं चालली. आपली तीन खेपांनंतर थांबली आहे आणि अजून बाराच वर्षं झाली आहेत. हिशेब आपल्या बाजूनं आहे, निदान कागदावर तरी.

मी या यजमान गावांची यादी कितीदा तरी वाचली असेल. राजधान्या त्यात आहेत, पण मला मोह पडतो तो आडगावांचा. ला नुसिया हे बेनिडॉर्मजवळचं वीसेक हजार वस्तीचं गाव. आपल्या डिचोली शहराएवढंच म्हणा. इकीके हे चिलीच्या उत्तरेला, एका बाजूला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूला अटाकामाचं वाळवंट. कुयाबा दक्षिण अमेरिकेच्या पार बेंबीत, आणि उकाड्यासाठी ब्राझीलभर बदनाम. पोर्तो रिकोतलं पोन्से, व्हेनेझुएलातलं बार्किसिमेतो, पेरूतलं त्रुहिय्यो. यांतल्या कितीशा गावांना ऑलिंपिक कधी मिळणार आहे? पण तीन दिवसांसाठी वीस-पंचवीस देशांचे झेंडे आपल्या मैदानावर लावायला त्यांना ऑलिंपिकची वाट पाहावी लागली नाही.

स्पेनच्या दक्षिणेला उएल्वा नावाचं बंदर आहे. कोलंबसाची गलबतं १४९२ मध्ये निघाली ती त्याच्या शेजारच्या पालोसहून. २००४ ची स्पर्धा उएल्वाला झाली. तिथल्या ॲथलेटिक्स मैदानाच्या नावात आजही "इबेरोअमेरिकानो" आहे, आणि त्याच नावाची एक मीट, म्हणजे ॲथलेटिक्सची छोटी स्पर्धा, तिथे भरते. कादिझजवळच्या सान फेर्नांदोत २०१० ची स्पर्धा झाली, त्या मैदानाचं नावच पडलं "इबेरोअमेरिकानो २०१०". तिथे फुटबॉलचे सामनेही झाले आहेत. उद्या कुणा लहान पोरानं विचारलं, की हे नाव कसलं, तर बाप दोन मिनिटं काहीतरी सांगेल. बांबोळीला कुणी विचारलंच, तर आपण त्याला काय दाखवणार?

रिओचंही उदाहरण घ्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक, आणि त्याच स्टेडियममध्ये मे महिन्यात आयबेरो-अमेरिकन. रंगीत तालीमच ती. घड्याळं, कॅमेरे, पंच, स्वयंसेवक, सगळ्यांचा कस तिथे लागला. २०२३ मध्ये आपण राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, त्यात बांबोळीलाच ॲथलेटिक्स झालं. मी नातवाला घेऊन गेलो होतो. महाराष्ट्र पदकतालिकेत पहिला आला त्याचा त्याला भारी आनंद, कारण त्याची आई कुडाळची. एवढी माणसं तेव्हा तयार झाली, फोटो-फिनिश सांभाळणारी, वारा मोजणारी, निकाल टाइप करणारी. त्यांना दर दोन वर्षांनी काम मिळालं नाही तर ती हात विसरतात. मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तीन वर्षं खड्ड्यावर उभा राहिलो नाही, तर लाल झेंडा कुठल्या हातात धरायचा यात माझा गोंधळ होतो. मधल्या काळात नियमही बदलतात. आमच्या वेळी फळीपुढच्या मऊ पट्टीवर बुटाचा ठसा उमटला की फाउल. आता पाय जमिनीवर असताना बुटाचं टोक फळीची रेघ ओलांडून नुसतं हवेत पुढे गेलं तरी फाउल.

आता मुद्द्याचं. ती स्पर्धा टिकली आणि आपली टिकली नाही, याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. ती एकाच खेळाची आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये नऊ खेळ होते. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, समुद्रकिनाऱ्यावरचं व्हॉलीबॉल, ज्युडो, तायक्वांदो, वुशू, टेबल टेनिस, ॲथलेटिक्स. प्रत्येकाचं मैदान वेगळं, पंच वेगळे, मुक्काम वेगळे, बस वेगळ्या. मोझांबिकसारख्या देशानं तो डोंगर पाहून हात टेकले असतील तर मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही. ॲथलेटिक्सला काय लागतं? एक मैदान, तीन दिवस. चालण्याची शर्यतसुद्धा तिथे मैदानाच्या आतच घेता येते, चारशे मीटरच्या ट्रॅकवर गोल गोल. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. पाहणाऱ्याला कंटाळा येतो हे कबूल, पण त्यासाठी एकही रस्ता बंद करावा लागत नाही.

त्या स्पर्धेवर टीका होतेच. मोठे खेळाडू बऱ्याचदा येत नाहीत, मोठे देश कधी कधी दुसरी फळी पाठवतात, पदकं ब्राझील, स्पेन आणि क्युबा वाटून घेतात. सगळं खरं. पण दुसऱ्या फळीतल्या पोराला देशाचा बनियन घालून आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरायला मिळतं ते अशाच ठिकाणी. जागतिक क्रमवारीत गुणही पडतात, आणि हल्ली ऑलिंपिकच्या कितीतरी जागा त्या क्रमवारीवरूनच भरतात. ऑलिंपिकमध्ये चाळिसावा येणारा धावक इथे अंतिम फेरीत असतो. मास्तर म्हणून मला त्याची किंमत कळते. शाळेच्या स्पर्धेत पाचवा येणारा पोरगा खेळ सोडून कधी जातो, हे आम्ही आयुष्यभर पाहिलं आहे.

भाषेनं खेळाला काय मिळतं, हे पाहायचं तर तिहेरी उडीकडे पाहा. व्हेनेझुएलाची युलिमार रोहास गरीब घरातली, उंच, हुशार, पण घडवणारा कुणी नाही. तिनं २०१५ मध्ये इव्हान पेद्रोसोला फेसबुकवर निरोप टाकला. पेद्रोसो हा क्युबाचा, सिडनी ऑलिंपिकचा लांब उडीतला सुवर्णविजेता, आणि तोवर तो स्पेनमध्ये प्रशिक्षण देत होता. निरोप स्पॅनिशमध्ये, उत्तरही स्पॅनिशमध्ये. ती स्पेनमधल्या ग्वादालाहाराला गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये १५.६७ मीटरची उडी मारून तिनं विश्वविक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी बेलग्रेडला १५.७४. टोकियोच्या त्या अंतिम फेरीत रुपेरी पदक पोर्तुगालच्या पात्रिसिया मामोनाला मिळालं, जिचे आईवडील अंगोलाचे. कांस्य स्पेनच्या आना पेलेतेइरोला, जी त्याच पेद्रोसोची शिष्या. तिन्ही पायऱ्यांवर या दोन भाषांतल्याच मुली. पुरुषांचं तर विचारूच नका. पॅरिसला २०२४ मध्ये तिहेरी उडीची तिन्ही पदकं क्युबात जन्मलेल्यांनी घेतली. एक स्पेनकडून, एक पोर्तुगालकडून, एक इटलीकडून. क्युबाला त्याचं काय वाटलं असेल ते असो.

आपल्या पोरांकडे असं कुठलं दार आहे? इंग्रजी आहे, पण इंग्रजीतल्या रांगेत अर्धं जग उभं आहे. मोझांबिकच्या राजधानीतल्या, मापुतोतल्या एखाद्या प्रशिक्षकाला गोव्याचं नाव ऐकून जी ओढ वाटेल, ती लंडनमधल्याला का वाटावी? मोझांबिकला आठशे मीटरमध्ये सिडनीचं सुवर्ण मिळवून देणारी मारिया मुतोला लहानपणी मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. तिला हेरून ॲथलेटिक्सकडे वळवलं ते तिथल्या एका कवीनं. ज्या देशात कवी धावपटू शोधून काढतात, त्यांच्याशी आपलं जमायला हरकत नसावी.

आता ज्या हरकतीची मला कल्पना आहे तिच्याकडे येतो. "लुसोफोनिया" म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. माझ्या वडिलांच्याही पडायची. साडेचारशे वर्षांचं ओझं उतरवून १९६१ मध्ये श्वास घेतला, आणि आता पुन्हा त्याच भाषेच्या नावानं मिरवणूक कशाला, असं ते म्हणत. त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ या देशांनी पोर्तुगालशी वर्षानुवर्षं बंदुकीनं लढा दिला. ते १९७३ ते १९७५ च्या दरम्यान मोकळे झाले, आपल्यानंतर बारा-चौदा वर्षांनी. क्युबानं स्पेनशी तीस वर्षं झगडून घेतलं. तरी त्यांची पोरं लिस्बन आणि बार्सिलोनाच्या मैदानांवर जाऊन पोर्तुगीज आणि स्पॅनिश धावपटूंना मागे टाकतात. यात लाचारी कुठे आली? मला तर यात वसुली दिसते.

आणि त्या लढ्यात आपला माणूस होता. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा. १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळी एकत्र आल्या, त्या जुळवणीत ते होते. पुढे मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र त्यांनी चालवलं. १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल ज्या विमान अपघातात गेले, त्याच विमानात तेही गेले. मोझांबिकचा संघ बांबोळीत उतरेल, तेव्हा तो पोर्तुगालच्या नव्हे, आकिनोबाबांच्या गावाला येतो आहे असं समजायला काय हरकत आहे? मैदानातल्या एखाद्या चषकाला त्यांचं नाव द्या. मग बघू कुणाच्या कपाळाला आठी पडते.

तर माझी मागणी अशी. नऊ खेळ नकोत. नवं स्टेडियम तर मुळीच नको. दर दोन वर्षांनी, जानेवारीत, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आधी, बांबोळीला फक्त ॲथलेटिक्सची तीन दिवसांची मीट घ्या. वीस वर्षांखालच्यांची घ्या, म्हणजे खर्चही आटोक्यात राहील आणि पोरांना मैत्री करायचं वयही असेल. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांना बोलवा, पूर्व तिमोरला विसरू नका, मकावला विसरू नका. दमण आणि दीवला बोलवा, तेही त्याच माळेतले मणी. आणि पाहुण्यांच्या रांगेत सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, कारवारच्या पोरांनाही जागा द्या. सावंतवाडीचा मुलगा मापुतोच्या मुलाशेजारच्या लेनमध्ये धावला तर त्याच्या गावात त्या गोष्टीवर दहा वर्षं निघतील.

विमानाचं तिकीट हाच खरा खर्च, बाकीचं भागवता येतं. मुक्काम घराघरांत करा. आपल्या ताळगावच्या विद्यापीठात पोर्तुगीज शिकणारी मुलं आहेत, पणजीच्या फोन्तेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे. प्रत्येक संघाबरोबर त्यांतला एकेक द्या, म्हणजे दुभाष्यांवर पैसे जाणार नाहीत आणि त्या मुलांचंही व्याकरण पुस्तकाबाहेर पडेल. नाव लुसोफोनियाच ठेवा असा माझा हट्ट नाही. नाव ठेवण्यासाठी समिती नेमू नका, एवढीच विनंती. समितीत दोन वर्षं सहज जातात.

ॲथलेटिक्स संघटनेला एक वेगळी विनंती. खात्याच्या उत्तराची वाट न पाहता तुम्ही एक पत्र लिहू शकता. आयबेरो-अमेरिकन संघटनेला विचारा, की पुढच्या खेपेला आमचे चार पंच आणि दोन प्रशिक्षक नुसते पाहायला येऊ शकतील का. धावायला नको, झेंडा नको. वीस-पंचवीस देशांचं वेळापत्रक तीन दिवसांत कसं बसवतात, एका खड्ड्यावर सकाळी मुली आणि दुपारी मुलं कशी आटपतात, निकाल दोन भाषांत कसे लावतात, हे बघून येऊ द्या. हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. टपालखर्च माझ्याकडून.

सिंथेटिक धावपट्टी वापरली नाही म्हणून टिकत नाही. ऊन आणि पाऊस तिला तसेही खातातच. त्यापेक्षा पोरांच्या खिळ्यांनी झिजलेली बरी.

आपला,
एक निवृत्त पीटी मास्तर,
डिचोली

ता. क. उडीच्या खड्ड्यासाठी किनाऱ्यावरची वाळू कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात, मुलींच्या पोटऱ्या फाटतात, आणि मिठामुळे ती पावसाळी हवेत गोळा होते. नदीची वाळू घ्यावी, दोनदा चाळावी, दोनदा धुवावी. दाताळं माझं स्वतःचं आहे, ते मी घेऊन येईन. घमेली मात्र दोन लागतील.